वाचक विचारतात : नागानो शहर, नागानो प्रीफेक्चर आणि मात्सुमोतोचा जुना रुसवा

जपानला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांच्या घरून आलेली पत्रं या वेळी जास्त आहेत आणि त्यांतली बरीचशी नागानो या एकाच प्रीफेक्चरबद्दल (जपानमधला केंद्राच्या खालचा सर्वांत मोठा प्रशासकीय विभाग) आहेत. म्हणून या अंकातलं सदर त्याच्याच वाट्याला दिलं आहे.

प्रश्न : माझ्या भाच्याला शिन्शू विद्यापीठात अभियांत्रिकीच्या पदवीला प्रवेश मिळाला आहे. कागदावर नागानो लिहिलंय, पण पहिलं वर्ष मात्सुमोतोला काढायचं म्हणतात. नागानो हे शहर, जिल्हा की राज्य? आणि तिथे पोचल्यावर कुठल्या कचेरीत जायचं? (लोकमान्य नगर, इंदूर)

नागानो नावाचं प्रीफेक्चर आहे आणि त्याच नावाचं शहर त्या प्रीफेक्चरची राजधानी आहे. जपानमध्ये एकूण ४७ प्रीफेक्चर आहेत. नागानोचं क्षेत्रफळ १३,५६१ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या इंदूर जिल्ह्याच्या साधारण साडेतीनपट. क्रमाने ते देशात चौथं. समुद्र कुठेच नाही, आणि सीमा मात्र आठ प्रीफेक्चरांना लागते. वस्ती वीस लाखांच्या आसपास.

आपल्याकडे राज्य, संभाग, जिल्हा, तहसील, मग नगरपालिका किंवा पंचायत अशी उतरंड असते. जपानमध्ये दोनच पायऱ्या : प्रीफेक्चर आणि त्याच्या थेट खाली शहर (शी), नगर (माची) किंवा गाव (मुरा). नागानोत अशा ७७ संस्था आहेत : १९ शहरं, २३ नगरं, ३५ गावं. इतकी गावं जपानच्या दुसऱ्या कुठल्याच प्रीफेक्चरमध्ये नाहीत. ‘गाव’ म्हटल्यावर पंचायत डोळ्यांपुढे आणू नका. चार-पाचशे वस्तीच्या गावालाही स्वतःचा थेट निवडलेला प्रमुख, स्वतःची सभा आणि स्वतःचं अंदाजपत्रक असतं; कायद्याच्या नजरेत कामं जवळपास शहराइतकीच.

पोलीस, बहुतेक सरकारी उच्च माध्यमिक शाळा, मोठे रस्ते आणि बऱ्याच नद्यांचं काम प्रीफेक्चरकडे. रहिवासी नोंदणी, प्राथमिक आणि माध्यमिक शाळा, नळाचं पाणी, कचरा, अग्निशमन, आरोग्य विम्याची खिडकी हे सगळं शहराकडे किंवा गावाकडे. तेव्हा विद्यार्थ्याला प्रीफेक्चरच्या कचेरीची पायरी बहुधा चढावीच लागत नाही. अपवाद वाहन परवान्याचा, कारण तो पोलिसांकडून मिळतो.

आता कागदपत्रांचं. दीर्घ मुदतीच्या व्हिसावर आलेल्याला मोठ्या विमानतळांवर रेसिडेन्स कार्ड हातात मिळतं, पण त्यावर पत्ता नसतो. राहायची जागा ठरली की १४ दिवसांच्या आत तिथल्या नगरकचेरीत कार्ड आणि पासपोर्ट घेऊन जायचं. पत्ता कार्डाच्या मागच्या बाजूला लिहून मिळतो. त्याच खेपेत राष्ट्रीय आरोग्य विम्याची नोंद करून घ्यावी (तीन महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्याला तो सक्तीचा आहे, दवाखान्यात बिलाच्या ३० टक्के स्वतः भरायचे). वय २० पूर्ण असेल तर राष्ट्रीय पेन्शनही लागू होते. तिचा हप्ता पुढे ढकलण्याची विद्यार्थ्यांसाठी सवलत आहे, पण अर्ज केल्याशिवाय ती मिळत नाही.

गडबड होते ती दुसऱ्या वर्षी. शिन्शू विद्यापीठाचे पदवीचे सगळे विद्यार्थी पहिलं वर्ष मात्सुमोतोत काढतात, मग विद्याशाखेप्रमाणे पांगतात : अभियांत्रिकी आणि शिक्षणशास्त्र नागानो शहरात, वस्त्रविज्ञान उएदाला, शेतकी तर मिनामी-मिनोवा नावाच्या गावात. मुलांना वाटतं, विद्यापीठ तेच, प्रीफेक्चर तेच, मग नोंद कशाला बदलायची? पण नोंद शहराची असते. मात्सुमोतो सोडण्याआधी तिथे ‘बाहेर जात असल्याची’ नोंद करून दाखला घ्यायचा आणि नागानोत घर घेतल्यापासून १४ दिवसांत तो तिथे द्यायचा. मुदत चुकली तर दोन लाख येनपर्यंत दंडाची तरतूद आहे. ९० दिवस उलटून गेले आणि सबळ कारण नसलं तर व्हिसाचा दर्जाही रद्द होऊ शकतो. आरोग्य विमासुद्धा जुन्या शहराचा बंद करून नव्या शहराचा घ्यावा लागतो. आणि कचऱ्याच्या पिशव्यांचा मोठा गठ्ठा घेऊन ठेवू नका म्हणावं : प्रत्येक शहराची ठरलेली पिशवी वेगळी, मात्सुमोतोच्या पिशवीतला कचरा नागानोत उचलत नाहीत.

प्रश्न : मुलगा फेब्रुवारीत नागानोहून टोकियोला बदलून गेला. तरी जूनमध्ये नागानो शहराकडून कराची नोटीस आली. चूक कोणाची? (सुदामा नगर, इंदूर)

कोणाचीच नाही. रहिवासी कर १ जानेवारीला माणूस जिथे राहत होता तिथल्या शहराला भरायचा असतो, आधीच्या वर्षाच्या उत्पन्नावर. नोकरदाराच्या पगारातून तो जून ते पुढच्या मेपर्यंत बारा हप्त्यांत कापला जातो. उत्पन्नावरचा सर्वसाधारण दर १० टक्के, त्यातले ६ शहराचे आणि ४ प्रीफेक्चरचे. वसुली दोन्हींची शहरच करतं. शिवाय डोईपट्टी असते : शहराचे ३,०००, प्रीफेक्चरचे १,००० आणि २०२४ पासून केंद्राचा वन-पर्यावरण कर १,००० येन. नागानो प्रीफेक्चर २००८ पासून आपल्या जंगलांसाठी यात आणखी ५०० येन घेतं. तेव्हा नोटिशीत ५,५०० चा आकडा दिसला तर दचकू नका. भारतात कायमचं परत यायचं ठरलं असेल, तर उरलेले हप्ते शेवटच्या पगारातून एकदम कापून घ्यायला सांगावं किंवा तिथे कर-प्रतिनिधी नेमावा.

प्रश्न : मात्सुमोतोला एवढा नामांकित किल्ला, जुनी बाजारपेठ. तरी राजधानी नागानोला कशी गेली? मध्य भारताच्या वेळी ग्वाल्हेर-इंदूरचं झालं, तसं काही तिथेही झालं का? (रामबाग, इंदूर)

झालं, आणि अजूनही पुरतं निवलेलं नाही.

या भागाचं जुनं नाव शिनानो. प्रांत एक, पण डोंगरांनी चार खोऱ्यांत चिरलेला : उत्तरेला झेन्कोजी देवळाभोवतीचं, पूर्वेला साकूचं, मधलं मात्सुमोतोचं आणि दक्षिणेला इनाचं. सोळाव्या शतकात ताकेदा शिंगेन आणि उएसुगी केन्शिन या सरदारांच्यात कावानाकाजिमाला १५५३ ते १५६४ या काळात पाच वेळा गाठ पडली, ती उत्तरेच्या याच खोऱ्यासाठी. पुढे तोकुगावा राजवटीत एकछत्री सत्ता इथे कधी आलीच नाही. मात्सुशिरोला सानादा घराण्याचं एक लाख कोकूचं संस्थान (कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, जहागिरीची ऐपत त्यात मोजत), मात्सुमोतो साठ हजारांचं, सुवा तीस हजारांचं, आणि उएदा, इइदा, ताकातो, कोमोरो, इइयामा अशी बाकीची. किसोचं खोरं तर नागोयाच्या ओवारी संस्थानाच्या ताब्यात. मधेमधे शोगुनची (म्हणजे तोकुगावा राज्यकर्त्याची) खालसा गावं.

आज राजधानी असलेलं नागानो यांपैकी कुणाचीच गादी नव्हतं. ते देवळाच्या दारातलं गाव. १८७० मध्ये खालसा मुलखासाठी नाकानो इथे कचेरी थाटून ‘नाकानो प्रीफेक्चर’ काढलं होतं. त्याच वर्षाच्या अखेरीस, जुन्या पंचांगाप्रमाणे, शेतकऱ्यांचा दंगा उसळला आणि कचेरी जळाली. १८७१ मध्ये कचेरी नागानोला हलवली आणि प्रीफेक्चरचं नावही बदललं. त्याच वर्षी देशभरची संस्थानं बरखास्त झाली, आणि वर्ष सरता सरता शिनानोचे दोन तुकडे झाले : उत्तर आणि पूर्व नागानोकडे, मात्सुमोतो, सुवा, इना, किसो आणि शेजारचा हिदा प्रांत मिळून ‘चिकुमा प्रीफेक्चर’, राजधानी मात्सुमोतो. कचेरी किल्ल्यातल्या निनोमारू वाड्यात.

पाच वर्षंसुद्धा ते टिकलं नाही. जून १८७६ मध्ये तो वाडा जळून खाक झाला आणि ऑगस्टमध्ये सरकारने चिकुमा मोडलं. हिदा गिफूला, बाकी सगळं नागानोला. त्या वर्षी देशभर प्रीफेक्चरांची संख्या घटवण्याचं धोरण चालूच होतं, तेव्हा एकट्या आगीला दोष देता येत नाही. पण एका आगीने कचेरी नागानोला आणली आणि दुसरीने तिचा प्रतिस्पर्धी संपवला, हे मात्सुमोतोकर विसरलेले नाहीत. शिवाय राजधानी एका टोकाला गेली, ही गैरसोय खरीच : दक्षिणेच्या इइदाहून नागानोला जाणं आजही दिवसाचं काम होऊन बसतं.

त्यानंतर कचेरी हलवा नाहीतर प्रीफेक्चर तोडा, अशी मागणी पुन्हापुन्हा उठली. सर्वांत जवळ पोचली ती १९४८ मध्ये. प्रीफेक्चरच्या सभेत विभाजनाचा ठराव मंजूर होण्याच्या बेतात होता, तेवढ्यात प्रेक्षक-सज्जातल्या लोकांनी ‘शिनानो नो कुनी’ हे गाणं म्हणायला सुरुवात केली. १८९९ च्या या गाण्यात चारही खोऱ्यांची नावं येतात आणि शाळांमधून ते सगळ्यांना पाठ होतं. ठराव बारगळला. १९६८ मध्ये तेच प्रीफेक्चरचं अधिकृत गीत झालं. फाळणी एका गाण्याने टळली असं सांगायला छान वाटतं. आमच्या मते मतांचं पारडं तसंही काठावरच होतं आणि विरोधकांना वेळ काढायला निमित्त मिळालं, एवढंच गाण्याचं श्रेय.

पुढे जे झालं ते इंदूरकरांना समजावून सांगायला नको. १९५६ मध्ये राजधानी भोपाळला, उच्च न्यायालय जबलपूरला, महसूल मंडळ ग्वाल्हेरला आणि लोकसेवा आयोग इंदूरला अशी वाटणी आपण पाहिलीच आहे. तिथे शिन्शू विद्यापीठाचं मुख्यालय मात्सुमोतोला, बँक ऑफ जपानची शाखा मात्सुमोतोला, विमानतळही मात्सुमोतोला. नागानोला राजधानी, आणि १९९८ च्या हिवाळी ऑलिंपिकच्या तोंडावर, १९९७ मध्ये, शिनकान्सेन ही वेगवान रेल्वे. २०१७ पासून प्रीफेक्चरने दहा विभागीय कचेऱ्या ठेवल्या आहेत : साकू, उएदा, सुवा, कामी-इना, मिनामी-शिन्शू, किसो, मात्सुमोतो, किता-आल्प्स, नागानो आणि होकुशिन. यांत निवडून आलेलं कोणी नसतं. ही प्रीफेक्चरचीच हाताखालची कार्यालयं.

नकाशा बघताना एक जपा. आज ‘चिकुमा’ नावाचं शहर दिसेल, २००३ मध्ये एक शहर आणि दोन नगरं जोडून झालेलं. जुन्या चिकुमा प्रीफेक्चरशी त्याचा संबंध नाही; चित्रलिपीत दोन्ही नावं वेगळी आहेत, देवनागरीत मात्र सारखी उतरतात.

प्रश्न : वडिलांच्या २००३ च्या डायरीत जपानी स्नेह्यांचा पत्ता आहे : नागानो-केन, मिनामी-आझुमी-गुन, होताका-माची, ओआझा आरिआके, पुढे घर क्रमांक. पार्सलच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये हे ‘गुन’ सापडतच नाही. (टिळक नगर, इंदूर)

सापडणार नाही, कारण ते उरलेलं नाही. १ ऑक्टोबर २००५ रोजी तोयोशिना, होताका आणि आकाशिना ही नगरं आणि मिसातो, होरिगाने ही गावं मिळून आझुमिनो शहर झालं आणि त्याबरोबर मिनामी-आझुमी जिल्हा नकाशावरून गेला. नागानोत अशी मोडतोड खूप झाली : १९९९ मध्ये १२० संस्था होत्या, त्यांच्या ७७ झाल्या.

‘गुन’ म्हणजे जिल्हा, पण फक्त पत्त्यापुरता. त्याच्या सभा १९२३ मध्ये आणि कचेऱ्या १९२६ मध्ये बंद झाल्या. आज नागानोत असे १४ गुन आहेत. तिथे कलेक्टर नाही, कचेरी नाही. नगरं आणि गावं गुनमध्ये मोडतात, शहरं मोडत नाहीत. म्हणून करुइझावाच्या पत्त्यात किता-साकू-गुन येतं, कारण ते नगर आहे. मात्सुमोतोच्या पत्त्यात गुन लिहिलं तर ते चूक.

तुमचा पत्ता असा बदला. गुन गाळा. होताका-माचीच्या जागी आझुमिनो-शी लिहा. जुन्या नगराचं नाव टाकून देऊ नका. ते मोहल्ल्याच्या नावाला जोडलं गेलं आहे. ‘ओआझा आरिआके’चं आता ‘होताका-आरिआके’ झालं. ओआझा हा शब्द गेला, घर क्रमांक तसाच राहिला. मग जपान पोस्टच्या संकेतस्थळावर नव्या नावाने सात आकडी पिन शोधून घाला. फॉर्ममध्ये आधी पिन भरला तर शहराचं नाव आपोआप येतं; ते आणि तुम्ही लिहिलेलं जुळलं नाही तर पत्ता बरोबर नाही असं समजा. हाताने लिहिलेल्या जुन्या पत्त्यावरचं साधं पत्र टपालवाले बऱ्याचदा पोचवतात. फॉर्म ते सांभाळून घेत नाही.

पत्ता वाचायचा कसा, हे प्रीफेक्चर कचेरीच्याच पत्त्यावर बघा : नागानो-केन, नागानो-शी, ओआझा मिनामी-नागानो, आझा हाबाशिता, ६९२-२. केन म्हणजे प्रीफेक्चर, शी म्हणजे शहर. ओआझा हे बहुधा जुन्या गावाचं नाव, आझा त्यातला शिवार. ६९२-२ हा जमिनीचा क्रमांक, आपल्या खसरा नंबरासारखा : ६९२ चा दुसरा पोटहिस्सा. रस्त्याचं नाव पत्त्यात येत नाही आणि क्रमांक ओळीने लागलेले असतीलच असं नाही, म्हणून शेजारच्या क्रमांकावरून घर शोधायला जाऊ नये. जपानीत मोठ्याकडून लहानाकडे लिहितात. रोमन लिपीत उलटं : आधी नाव, मग ६९२-२ हाबाशिता, मिनामी-नागानो, मग नागानो-शी, मग नागानो-केन आणि पिन ३८०-८५७०, शेवटी जपान. हा पिन त्या कचेरीचा एकटीचा आहे. मोठ्या कार्यालयांना असा स्वतंत्र पिन मिळतो, आसपासच्या घरांसाठी तो वापरायचा नाही.

जाता जाता : नागानोतल्या नगरांपुढे ‘माची’ लावतात, फक्त आनान या एका नगरापुढे ‘चो’ (अर्थ तोच). ओमाची हे मात्र शहर आहे. ते ओमाची-शी असं लिहायचं.

प्रश्न : तिथला गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपालच ना? मग सभेने त्याला घरी कसं पाठवलं? (महू)

राज्यपाल नव्हे. १९४७ पासून गव्हर्नर थेट लोकांच्या मताने चार वर्षांसाठी निवडला जातो. केंद्राचा त्यात हात नाही. नागानोत १९५९ ते २००० या एकेचाळीस वर्षांत दोघेच गव्हर्नर झाले, दोघेही आधीचे उपगव्हर्नर. मग २००० मध्ये लेखक तानाका यासुओ निवडून आले आणि फेब्रुवारी २००१ मध्ये त्यांनी ‘यापुढे शक्यतो काँक्रीटचं धरण नको’ असं जाहीर केलं. आसाकावा आणि शिमो-सुवा धरणांचं काम अडलं, सभा बिथरली, आणि जुलै २००२ मध्ये अविश्वास ठराव मंजूर झाला.

त्याचं गणित असं. सभासद आज ५७. निदान दोन-तृतीयांश हजर हवेत, म्हणजे ३८. आणि हजर असलेल्यांपैकी तीन-चतुर्थांश बाजूने हवेत. सगळे आले तर ४३ मतं. ठराव झाल्याचं कळवल्यापासून दहा दिवसांत गव्हर्नर सभा बरखास्त करू शकतो. न केल्यास पद आपोआप जातं. सभा बरखास्त केली आणि नव्या सभेने पुन्हा ठराव आणला, तर त्या वेळी साधं बहुमत पुरतं. तानाकांनी सभेला हात लावला नाही, पद जाऊ दिलं आणि सप्टेंबर २००२ च्या निवडणुकीत तेच पुन्हा निवडून आले. डाव म्हणून हा हुशार होता : सभा विसर्जित केली असती तर तेच सभासद परत येऊन साध्या बहुमताने त्यांना काढू शकले असते. २००६ मध्ये मात्र मुराई जिन यांनी त्यांना हरवलं. आसाकावाचं धरण शेवटी झालंच, पण तळाशी भोक ठेवलेलं, फक्त पुराचं पाणी अडवणारं. ते २०१७ मध्ये पूर्ण झालं.

लोकांनाही गव्हर्नर काढता येतो. सह्या किती? पहिल्या चार लाख मतदारांच्या एक-तृतीयांश, पुढच्या चार लाखांच्या एक-षष्ठांश, त्यावरच्यांच्या एक-अष्टमांश. मतदार १७ लाख धरले तर सुमारे ३,१२,५००. मुदत दोन महिने. सही स्वतःच्या हाताची, सोबत पत्ता, जन्मतारीख आणि शिक्का. एकाच हाताने घरच्या चौघांच्या सह्या केल्या की त्या बाद होतात, आणि मोहिमा बहुधा तिथेच गळतात. पद घेतल्यापासून पहिल्या वर्षात ही मागणी करता येत नाही. सह्या भरल्या म्हणजे लगेच पद जात नाही. ६० दिवसांत मतदान होतं, त्यात निम्म्याहून जास्त लोक म्हणाले तरच.

प्रश्न : किसो खोऱ्यातून मागोमे ते त्सुमागो चालायचं आहे. एका नकाशात मागोमे नागानोत आहे, दुसऱ्यात गिफूत. कोणता खरा? (राजेंद्र नगर, इंदूर)

जुना नकाशा असेल तर नागानो, आजचा असेल तर गिफू. मागोमे ज्या मिसाका गावात होतं त्याची १९५८ मध्येच वाटणी झाली होती : एक भाग गिफूच्या नाकात्सुगावा शहरात गेला, मागोमेचा भाग नागानोतल्या यामागुची गावात राहिला. यामागुचीचे लोक बाजार, दवाखाना, नोकरी सगळ्यासाठी नाकात्सुगावालाच जायचे. शेवटी १३ फेब्रुवारी २००५ रोजी अख्खं गाव त्या शहरात विलीन झालं.

प्रीफेक्चरची सीमा ओलांडून विलीन व्हायचं तर गावाची सभा, शहराची सभा आणि दोन्ही प्रीफेक्चरांच्या सभा, अशा चार ठिकाणी ठराव लागतो, मग केंद्रीय मंत्र्यांचा निर्णय. इथे गव्हर्नर तानाका विरोधात होते. त्यांनी प्रस्ताव मांडायलाच नकार दिला, तेव्हा सभासदांनी स्वतः मांडून डिसेंबर २००४ मध्ये तो मंजूर करून घेतला.

तुमच्या कामाचं असं : मागोमेला नाकात्सुगावा स्थानकाहून बस, त्सुमागोला नागिसो स्थानकाहून. वाट सुमारे आठ किलोमीटर, अडीच ते तीन तासांची. मागोमेकडून निघालात तर चढ कमी, कारण ते मुळात उंचावर आहे. सुमारे ७९० मीटरवरची खिंड लागते, तीच सीमा. पलीकडे उतरलं की नागानो. हवामानाचा इशारा बघताना मागोमेसाठी गिफूचं पान उघडा आणि त्सुमागोसाठी नागानोचा ‘दक्षिण’ विभाग. हवामान खातं नागानोचे उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीनच विभाग करतं आणि किसो दक्षिणेत धरतं.